‘जेल बेस’ म्हणजे नेमके काय?

त्वचेला लावायच्या औषधी जेलची एखादी ट्यूब उलटी करून तिच्यावरचा मजकूर वाचून पाहावा. औषधाचे नाव, त्याचे प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत, किंमत, परवाना क्रमांक हे सारे बारीक अक्षरांत छापलेले असते. घटकांच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते : ‘जेल बेस, आवश्यक तेवढा’. औषध एक टक्का असेल, तर उरलेले ९९ टक्के या एका ओळीत गुंडाळलेले असतात. त्याच दुकानातल्या शाम्पूच्या किंवा चेहऱ्याच्या क्रीमच्या वेष्टनावर मात्र घटकांची लांबलचक यादी सापडते. म्हणजे निरोगी त्वचेवर लावायच्या वस्तूत काय आहे ते ग्राहकाला कळते. ॲलर्जीने सुजलेल्या, खाजवून सोलवटलेल्या त्वचेवर लावायच्या औषधात काय आहे ते कळत नाही.

हा केवळ छपाईचा प्रश्न नाही. ॲलर्जीच्या त्वचाविकारांवरची औषधे आपल्याकडे कोणत्या नजरेने तयार होतात, तपासली जातात आणि विकली जातात, हे त्या एका ओळीतून दिसते. औषध म्हणजे तो एक टक्का आणि बाकीचा सारा भराव, अशी ही नजर आहे. गोळीच्या बाबतीत ती काही अंशी चालून जाते. त्वचेच्या औषधाच्या बाबतीत ती चुकीची आहे, कारण तिथे बेस, म्हणजे आधारद्रव्य, हे निम्मे औषध असते. ॲलर्जीच्या रुग्णाच्या बाबतीत तर तेच कधी कधी आजाराचे कारणही ठरते.

त्वचेचे कामच मुळी बाहेरच्याला आत येऊ न देण्याचे आहे. तिचा सर्वांत वरचा थर शरीराच्या बहुतेक भागांवर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लांचा चुना, अशी ही भिंत. तिच्यातून काय आत जाऊ शकते याचा एक ठोकताळा बॉस आणि माइनार्डी या संशोधकांनी २००० साली मांडला : रेणूचे वजन ५०० डाल्टनच्या वर गेले की निरोगी त्वचेतून तो आत शिरणे अवघड होते. सायक्लोस्पोरिन हे औषध पोटातून दिले तर तीव्र इसबावर गुण देते. पण त्याचा रेणू सुमारे १,२०० डाल्टनचा, त्यामुळे त्वचेवर चोळून त्याचा फारसा उपयोग होत नाही. जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतील जिवाणूपासून १९८४ मध्ये मिळालेले टॅक्रोलिमस सुमारे ८०० डाल्टनचे. ते इसबाने कमकुवत झालेल्या त्वचेतून आत जाते, आणि त्वचा बरी होऊ लागली की आत जाण्याचे त्याचे प्रमाण आपोआप घटते.

इसबाच्या अनेक रुग्णांत ही भिंत मुळातच कच्ची असते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी इथल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, फिलाग्रिन नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातील बिघाड हे ॲटोपिक इसबामागचे एक मोठे कारण आहे. अशा त्वचेतून पाणी बाहेर निघून जाते आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ सहज आत येतात. मग ट्यूबमधली प्रत्येक गोष्ट, औषध असो वा बेस, आत येणाऱ्या पाहुण्यांपैकी एक होते.

बेसमुळे किती फरक पडतो, हे वैद्यकाला बऱ्याच आधीपासून ठाऊक आहे. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो असे दाखवले आणि त्वचेच्या स्टेरॉइडचे युग सुरू झाले. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी एक साधी चाचणी सुचवली. स्टेरॉइड आत शिरले की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचा पांढुरकी पडते. हा फिकटपणा मोजला की औषध आत किती पोहोचले याचा अंदाज येतो. या मोजणीतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. तेच स्टेरॉइड, तेच प्रमाण, पण बेस बदलला की ताकद बदलते. बीटामेथासोन डायप्रोपिओनेट ०.०५ टक्के साध्या क्रीममध्ये असेल तर ते एका वर्गात मोडते. प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या साहाय्याने ‘वर्धित’ केलेल्या बेसमध्ये घातले की तेच औषध सर्वांत तीव्र स्टेरॉइडच्या पंगतीत जाऊन बसते. ट्यूबवरचा टक्क्याचा आकडा दोन्हीकडे एकच.

याहून बोलका पुरावा अलीकडचा आहे. क्रिसाबोरोल हे स्टेरॉइड नसलेले मलम अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये इसबासाठी मंजूर झाले. त्याआधीच्या दोन मोठ्या चाचण्यांत काही रुग्णांना औषधाचे मलम आणि काहींना तेच मलम औषधाविना, म्हणजे नुसता बेस, दिला गेला. चार आठवड्यांनी पहिल्या चाचणीत औषध लावणाऱ्यांपैकी ३२.८ टक्के रुग्णांची त्वचा ठरलेल्या निकषाइतकी सुधारली. नुसता बेस लावणाऱ्यांपैकी २५.४ टक्क्यांची. दुसऱ्या चाचणीत हे आकडे ३१.४ आणि १८ टक्के होते. यात आजाराच्या नैसर्गिक चढउताराचा वाटा आहेच, पण कोरड्या त्वचेला नियमित स्निग्धता मिळाली की ती काही प्रमाणात सावरते, हेही त्यात आहे. ज्याला भराव म्हणायचे, त्याने इतके काम केले. आणि त्याच मलमाची ठळक तक्रार होती लावल्याजागी होणारी जळजळ. त्याच्या बेसमध्येही प्रॉपिलीन ग्लायकॉल आहे, आणि ही माहिती अमेरिकेतील कोणत्याही रुग्णाला वेष्टनावर वाचता येते.

आता जेलकडे वळू. लोकांना जेल आवडते. ते चिकट नसते, कपड्यांना डाग पाडत नाही, लावताच थंड वाटते. अनेक औषधी जेलचा कणा असतो कार्बोमर, म्हणजे ॲक्रिलिक आम्लाचा बहुवारिक. त्याची पांढरी भुकटी पाण्यात टाकली की पातळ, आम्लधर्मी द्रावण होते. त्यात ट्रायइथॅनॉलअमाइन किंवा सोडियम हायड्रॉक्साइडसारखा अल्क थेंबाथेंबाने घातला की रेणूंच्या गुंडाळ्या उलगडतात, पाणी धरून ठेवतात आणि पारदर्शक जेल उभे राहते. अर्धा ते एक टक्का भुकटी त्याला पुरते. म्हणजे जेल हे प्रामुख्याने पाणी असते. पाणी आले की बुरशी आणि जिवाणू आले, म्हणून परिरक्षक आले. औषध पाण्यात विरघळत नसेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा अल्कोहोल आले. सुगंध आणि रंग कधी कधी केवळ ग्राहकाला बरे वाटावे म्हणून येतात.

या यादीतील अनेक पदार्थ स्वतःच ॲलर्जी निर्माण करू शकतात. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मॅटायटिस सोसायटी ही संस्था दरवर्षी एखाद्या पदार्थाकडे लक्ष वेधण्यासाठी ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ जाहीर करते. २०१० मध्ये तो मान नियोमायसिन या त्वचेच्या अनेक क्रीममधील प्रतिजैविकाला मिळाला, २०१३ मध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाला आणि २०१८ मध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलला. जो पदार्थ औषधाला भिंतीपलीकडे पोहोचवतो, तोच काहींच्या शरीराला शत्रू वाटतो. खाज शमवण्यासाठी त्वचेवर लावल्या जाणाऱ्या डायफेनहायड्रामिनसारख्या अँटीहिस्टामिनचेही तसेच : पोटातून घेतल्यास ते चालते, पण त्वचेवर वारंवार लावल्याने काहींना त्याचीच ॲलर्जी जडते.

यातून जे दुष्टचक्र तयार होते, ते त्वचारोगतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमीचे आहे. रुग्णाला इसब असतो. जेल लावले की आठवडाभर बरे वाटते, मग लाली वाढते. आजारच बळावला असे समजून तो जास्त जेल लावतो, किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून दुसरी ट्यूब घेतो. दुसऱ्या ट्यूबमध्ये औषध वेगळे, पण बेस बहुधा त्याच घटकांचा. त्यात स्टेरॉइड असेल तर ते स्वतःच्याच बेसने उठवलेली लाली काही काळ दाबून टाकते. थांबवले की ती दुपटीने परतते. कारण शोधायचे तर पॅच टेस्ट हा मार्ग आहे : संशयित पदार्थ पाठीवर छोट्या कप्प्यांत ४८ तास चिकटवून ठेवतात आणि नंतर दोनदा त्वचेचे निरीक्षण करतात. समजा त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉलची ॲलर्जी निघाली. डॉक्टर सांगणार, ‘हे टाळा.’ रुग्ण ते शाम्पूत टाळू शकतो, मॉइश्चरायझरमध्ये टाळू शकतो. औषधात कसे टाळणार? तिथे तर ‘जेल बेस, आवश्यक तेवढा’ एवढेच लिहिले आहे. डॉक्टरलाही त्याहून अधिक माहिती ट्यूबवरून मिळत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक खास स्थानिक बाजू आहे. गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पार्थेनियमची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातली. त्यातील पार्थेनिन या रसायनामुळे होणारा त्वचादाह वैद्यकीय नियतकालिकांत १९७० च्या दशकात नोंदला गेला, तोही पुण्यातूनच. वाळलेल्या झाडाचे सूक्ष्म कण हवेतून उडतात आणि पापण्या, चेहरा, मान, कोपरांच्या खोबणी अशा जागी खाज आणि लाली उठते. त्रास होतो तो मुख्यतः शेतात राबणाऱ्यांना. काहींचा आजार इतका चिवट होतो की अझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे पोटातून द्यावी लागतात. याच्या जोडीला सिमेंटमधील क्रोमेट, टिकलीच्या गोंदातील रेझिन, खोट्या दागिन्यांतील निकेल, केसांच्या काळ्या रंगातील पीपीडी आणि बिब्ब्याचे तेल ही इथल्या त्वचेच्या ॲलर्जीची ओळखीची कारणे.

या रुग्णांसाठी मलम की जेल, हा प्रश्न पुस्तकी नाही. कोरड्या, जाड झालेल्या इसबाला व्हॅसलीनसारखे स्निग्ध मलम चांगले, हे खरे. पण मे महिन्यात कोकणातल्या दमटपणात किंवा विदर्भातल्या उन्हात काम करणारा माणूस मानेवर व चेहऱ्यावर चिकट मलम लावून शेतात जाणार नाही. तो ते लावणेच सोडून देईल, आणि न लावलेल्या औषधाचा गुण शून्य. इथे पाण्यावर आधारलेले, अल्कोहोल नसलेले, सुगंध नसलेले जेल उपयोगी ठरू शकते. हे शक्य आहे हे अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालेल्या डेसोनाइडच्या जेलने दाखवले. सौम्य स्टेरॉइडचे हे पाण्यावर आधारलेले जेल तीन महिन्यांच्या बाळापासून पुढे इसबासाठी वापरण्याची परवानगी मिळाली. पण जेलला इथल्या हवामानाच्या अडचणी आहेत. घामातील मीठ लागले की कार्बोमरचे जाळे मोडते आणि जेल पाण्यासारखे होते. ते त्वचेवर किती वेळ टिकेल, औषध किती आत जाईल, याचे उत्तर थंड देशातील चाचणीतून मिळणार नाही. ते इथेच शोधावे लागेल.

ते कोण शोधणार? मनुष्यबळाची वानवा नाही. राज्यातील फार्मसी महाविद्यालयांत जेल हा पदव्युत्तर प्रबंधाचा आवडता विषय आहे. हळदीचे जेल, कडुनिंबाचे जेल, कोरफडीचे जेल, जुन्याच औषधाचे नॅनोकणांचे जेल. विद्यार्थी मेहनत घेतात : जेल बनवतात, त्याचा सामू आणि घट्टपणा मोजतात, फ्रान्झ सेल नावाच्या काचेच्या दोन कप्प्यांच्या उपकरणात पडद्यातून औषध किती पार होते ते पाहतात, उंदराच्या पंजाची सूज उतरते का ते तपासतात. मग निष्कर्षात ‘हे जेल परिणामकारक ठरू शकते’ असे लिहिले जाते आणि प्रबंध कपाटात जातो. पण सेलोफेनचा पडदा म्हणजे गाजर गवताने सोलवटलेली मान नव्हे, आणि उंदराच्या पंजाची सूज म्हणजे इसब नव्हे. हे जेल माणसाच्या त्वचेवर वारंवार लावले तर क्षोभ किंवा ॲलर्जी होते का, हा ॲलर्जीच्या रुग्णाच्या दृष्टीने पहिला प्रश्न. तो बहुतेक प्रबंधांत विचारलाच जात नाही. वनस्पतीचा अर्क आहे म्हणून तो सौम्यच असणार, हे गृहीत धरले जाते. गाजर गवत आणि बिब्बा याही वनस्पतीच आहेत.

दोष विद्यार्थ्यांचा नाही. माणसांवरील चाचणीसाठी नीतिसमितीची परवानगी, त्वचारोगतज्ज्ञांची साथ आणि पैसा लागतो. तो पूल एकट्या महाविद्यालयाने बांधण्यासारखा नाही. फार्मसी महाविद्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग यांना जोडून, शंभर नव्या औषधांऐवजी एकच उद्दिष्ट देता येईल : परिचित, मुदतबाह्य पेटंटच्या औषधांसाठी कमीत कमी घटकांचा, ज्ञात ॲलर्जीकारक टाळलेला, उष्ण आणि घामट हवामानात टिकणारा एक खुला जेल बेस. त्यात चमकदार बातमी नाही. त्यामुळेच खासगी कंपनी ते करणार नाही आणि सार्वजनिक पैशानेच ते व्हायला हवे.

मात्र यादीच्या बाबतीत कोणत्याही संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार त्वचेवर लावायच्या औषधाच्या वेष्टनावर सर्व साहाय्यक घटकांची नावे द्यावी लागतात. अमेरिकेतही बाहेरून लावायच्या औषधांसाठी हाच नियम आहे. भारतीय कंपन्या त्वचेच्या जेनेरिक औषधांची निर्यात त्या बाजारांत करतात, तेव्हा ही नावे निमूटपणे छापतात. तेव्हा ‘आमचे सूत्र गुपित आहे’ हा आक्षेप टिकत नाही. यादीत नावे असतात, प्रमाण आणि कृती नसते. गुपित गुपितच राहते.

दुसरा आक्षेप असा की, ही अवघड नावे वाचून सामान्य माणूस घाबरेल. भीती काही अंशी खरी आहे. पॅराबेनचेच उदाहरण घ्या. समाजमाध्यमांवर ते खलनायक ठरले, पण त्याच अमेरिकी संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनना ‘वर्षाचा बिनॲलर्जीकारक’ ठरवले, कारण परिरक्षकांत ॲलर्जी होण्याचे त्यांचे प्रमाण फारच कमी आढळते. पण अर्धवट माहितीवर उपाय माहिती दडवणे हा नसतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला बिस्किटाच्या पुड्यावरची यादी हवीच असते. इतरांनी ती वाचली नाही तरी बिघडत नाही. तिसरा आक्षेप जागेचा : १० ग्रॅमच्या ट्यूबवर एवढी नावे मावणार कशी? ती खोक्यावर आणि आतल्या पत्रकात मावतात. शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून देशात ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्वचेच्या प्रत्येक औषधावर असा कोड आणि त्यात बेसची पूर्ण यादी, एवढे करणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

नियम बदलता येतात याचे उदाहरणही त्वचेच्याच औषधांचे आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कोंबलेल्या क्रीम वर्षानुवर्षे खोकल्याच्या गोळीसारख्या विकल्या गेल्या. नायट्यावर त्या लावून लोकांनी नायटा चिवट करून घेतला. गोरेपणासाठी लावून चेहऱ्याची त्वचा पातळ, लाल आणि केसाळ करून घेतली. हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या पुढच्या भागातून जेवढे आत जाते, त्याच्या सुमारे सहापट कपाळातून जाते, हे १९६७ पासून माहीत असूनही हे चालले. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सातत्याने पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाहेरून लावायची १४ स्टेरॉइड ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. अंमलबजावणी आजही ढिली आहे, हे कोणत्याही गल्लीत दिसते. तरीही डॉक्टरांना आणि निरीक्षकांना बोट ठेवायला एक नियम मिळाला. बेसच्या यादीबाबत तेवढे तरी व्हावे.

तोवर रुग्णाने काही गोष्टी पाळाव्यात. डॉक्टरकडे जाताना वापरलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्यासुद्धा, सोबत न्याव्यात. फक्त नावे सांगून भागत नाही. जेल लावल्यावर सुरुवातीची दोन मिनिटे थोडी चुणचुण होणे वेगळे आणि दोन-तीन दिवसांनी खाज, लाली वाढत जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात जेल थांबवून डॉक्टरांना दाखवावे. अंगावर पित्त उठते, त्यावर मुख्य उपाय पोटातून घ्यायच्या अँटीहिस्टामिनचा असतो. जेलवर जेल बदलण्यात अर्थ नाही. आणि ‘हर्बल’ या शब्दावरून औषध सौम्य आहे असे ठरवू नये.

ॲलर्जीच्या रुग्णाला डॉक्टर पहिला सल्ला देतात तो कारण ओळखून टाळण्याचा. तो पाळण्याचे साधन मात्र व्यवस्थेने त्याच्या हाती दिलेले नाही. नवी जेल येत राहतील, त्यांतली काही चांगलीही असतील. पण ट्यूबवरच्या शेवटच्या ओळीत काय दडले आहे हे जोवर छापले जात नाही, तोवर प्रत्येक नवी ट्यूब ही त्या रुग्णासाठी त्याच्याच त्वचेवर, त्याला न सांगता केलेली चाचणी राहील.